कैरोतले पाच दिवस आणि एक चुकलेलं उत्तर

आधी थोडं मागचं सांगतो, म्हणजे कैरोच का ते कळेल. आम्ही नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). सातवीत असताना भुईकोट किल्ल्यावर सहल गेली होती, ४२ सालात नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळींना जिथे डांबलं होतं त्या खोल्या बघितल्या, आणि पुढच्या आठवड्यात शाळेत प्रश्नमंजुषा. मौलाना आझादांचं शिक्षण कुठे झालं? मी ठणकावून सांगितलं, कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात! टाळ्या, आणि बक्षीस म्हणून शाईचं पेन. हे उत्तर माझ्याकडून घोकून घेतलं होतं ताईने, जी पुढे तीस वर्षं इतिहास शिकवून गेल्या मे महिन्यात रिटायर झाली. रिटायर झालेल्या बायका दुबई म्हणतात, बाली म्हणतात, ही म्हणाली मला अझहर बघायचंय. पिरॅमिड? वेळ उरला तर. भाऊजींना गुडघ्याचा त्रास, म्हणून सोबतीला मी.

पहिला दिवस

सकाळी उतरलो, हॉटेलात बॅगा टाकल्या आणि उत्साहात लगेच टॅक्सी पकडली. मी फोनवर शिकलेल्या अरबीत ड्रायव्हरला सांगितलं, "गामेत अल-अझहर". इजिप्तवाले ज चा ग करतात हे वाचून गेलो होतो त्यामुळे स्वतःवर भलताच खूश होतो. गाडी जाते आहे, जाते आहे, फ्लायओव्हर संपेनात, जुनं शहर मागे पडलं, आणि आम्हाला सोडलं ते नस्र सिटी नावाच्या भागात, एका अवाढव्य सरकारी कॅम्पसच्या कंपाउंडबाहेर. मिनार नाही, काही नाही. ड्रायव्हरची काहीच चूक नव्हती बरं का. 'गामे' म्हणजे मशीद आणि 'गामेत' म्हणजे विद्यापीठ, मी एक त जास्त लावला होता. ताईला मात्र मजाच वाटली. म्हणे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेत, जमा होणे, आपण जमाव, जमात म्हणतो तेच, आणि हजार वर्षं इथे दोन्ही एकच होतं, तू चुकून बरोबर जागी आणलंस.

झालं असं की १९६१ मध्ये नासरच्या सरकारने कायदा करून अझहरचं रूपच बदललं. तोवर धर्मशास्त्र, कायदा आणि अरबी भाषा एवढंच होतं, आता मेडिकल, इंजिनीअरिंग, शेतकी, कॉमर्स सगळं आलं, मुलींसाठी वेगळी शाखा निघाली, आणि हे सगळं मावणार कुठे तर इथे नस्र सिटीत. म्हणजे आज कोणी अझहरी आहे म्हटलं तर तो दातांचा डॉक्टरही असू शकतो.

आत सोडत नव्हते, तेव्हा गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला (ग्लासात, बिनदुधाचा, साखर इतकी की चमचा उभा राहील). शेजारी एक इंडोनेशियन मुलगा बसला होता, डोक्याला काळी टोपी, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. इंडोनेशिया-मलेशियाची हजारो मुलं इथे शिकतात. आम्ही इंडियन म्हटल्यावर तो शाहरुखवर आला, ताईने त्याला गुस दुरवर आणलं. अब्दुर्रहमान वाहिद, लाडाने गुस दुर, १९९९ ते २००१ इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष. आजोबांनी नहदलातुल उलेमा ही तिथली सगळ्यात मोठी मुस्लिम संघटना काढलेली, तेव्हा नातू अझहरला येणार हे ठरलेलंच. १९६३ मध्ये आला, आणि इथे त्याला म्हणाले तुझ्याकडे अरबी येतं असं सर्टिफिकेट नाही, बस बालवर्गात! गड्याला अरबी उत्तम येत होतं. मग तो वर्गात कशाला जातोय, सिनेमे, फुटबॉल आणि कैरोतल्या लायब्रऱ्या यांत त्याने वर्षं घालवली आणि डिग्री न घेताच बगदादला निघून गेला. तो मुलगा हे सांगताना एवढा हसत होता, आणि वर म्हणतो, आमच्या पेसांत्रेनमध्ये (म्हणजे त्यांचा मदरसा) तरीही सांगतात की गुस दुर अझहरचे.

ताई म्हणाली, लिहून ठेव. मला तेव्हा कळलं नाही का ते.

रात्री कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा, सगळं एकाच वाडग्यात. कागदावर भयंकर वाटतं पण लागतं फर्मास. ताईने पर्समधून काळ्या मसाल्याची पुडी काढली, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

दुसरा दिवस

आज नीट उच्चार करून मशिदीपाशी पोचलो. मोठा रस्ता आहे, अल-अझहर स्ट्रीटच नाव, एका बाजूला हुसेन मशीद आणि खान अल-खलिली बाजार, दुसऱ्या बाजूला अझहर, मधून पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग. शिरायचं ते 'बाब अल-मुझय्यिनीन' मधून, म्हणजे न्हाव्यांचा दरवाजा. अठराव्या शतकातला आहे. नवीन पोरांची हजामत इथे व्हायची म्हणून हे नाव. चपला काढून हातात घेतल्या, ताईला त्यांनी टोपीवाला लांब झगा दिला, त्यात ती थेट वारकरी दिंडीत पावसाचा रेनकोट घातल्यासारखी दिसत होती.

आणि मग ते अंगण. पांढराशुभ्र संगमरवर, डिसेंबरातलं ऊन, तळपाय गार पडतात. चहूबाजूंनी कमानी, वर मिनार, त्यातला एक दोन डोक्यांचा, घुरी सुलतानाने बांधलेला. ९७० मध्ये फातिमी खलिफाच्या जौहर नावाच्या सेनापतीने बांधकाम काढलं आणि ९७२ मध्ये नमाज सुरू झाली. गंमत म्हणजे फातिमी शिया, इस्माईली पंथाचे. म्हणजे आज सुन्नी जगाचं मोठं पीठ समजतात ते मुळात शियांनी काढलेलं. सलादिनने ११७१ मध्ये फातिमींची सत्ता संपवली तेव्हा इथली शुक्रवारची नमाज जी बंद पडली ती जवळपास शंभर वर्षांनी बैबर्स सुलतानाने परत सुरू केली.

आतल्या दालनात लाल गालिचा आणि खांबच खांब, जुन्या इमारतींतून उचलून आणलेले, एकाचं डोकं एक तर दुसऱ्याचं भलतंच. शिकवायची पद्धत या खांबांवरच होती. एक शेख एका खांबाला टेकून बसणार, पोरं गोल करून भोवती. कुठला खांब कुणाचा हे ठरलेलं. कंटाळा आला तर उठून दुसऱ्या खांबापाशी जा, हजेरी नाही, आणि १८७२ पर्यंत पदवीची ठरावीक परीक्षाही नाही. शिकवायचं काय, तर मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिपा. आपल्याकडच्या पाठशाळेत बसलेल्या माणसाला इथे परकं काही वाटलं नसतं. राहायला देशवार ओवऱ्या, त्यांना रिवाक म्हणतात, तुर्कांचा रिवाक, मगरिबींचा म्हणजे मोरोक्कोकडच्यांचा, सीरियावाल्यांचा, हिंदी विद्यार्थ्यांचासुद्धा एक होता. आणि रोज वक्फातून पोरांना भाकऱ्या मिळायच्या.

या भाकरीवर थोडं थांबतो, कारण ताईने मला एका खांबापाशी बसवून ताहा हुसेन या इजिप्तच्या मोठ्या लेखकाची गोष्ट सांगितली ती सगळी भाकरीचीच आहे. वरच्या इजिप्तमधलं खेडं, १८८९ चा जन्म, लहानपणी डोळे आले तर गावच्या न्हाव्याने उपचार केले आणि दोन्ही डोळे गेले. कुराण पाठ. १९०२ मध्ये तेराव्या वर्षी मोठ्या भावाबरोबर इथे आला. प्रवेशाच्या वेळी परीक्षकाने नाव न घेता आंधळ्या म्हणूनच हाक मारली, ते त्याला जन्मभर डाचत राहिलं. जवळच्या एका चाळीत भावाची खोली, भाऊ मित्रांकडे गेला की हा अंधारात एकटा कोपऱ्यात. खायला अझहरची भाकरी, तिच्यात काड्या, खडे, किडे, आणि ती काळ्या काकवीत बुडवून खायची, दिवसेंदिवस तेच. ताई म्हणाली, पुण्यात वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागणाऱ्या पोरांच्या आठवणी आपण वाचतो ना, तसंच.

आणि मग हा पोरगा शेखांना प्रश्न विचारायला लागला. एवढे प्रश्न, की शेवटी अझहरच्या पदवी परीक्षेत त्याला नापास केलं. तोवर १९०८ मध्ये शहरात नवीन, युरोपियन धर्तीची इजिप्शियन युनिव्हर्सिटी निघाली होती, तिची पहिली डॉक्टरेट १९१४ मध्ये याच ताहा हुसेनला मिळाली, विषय अबुल अला अल-मअर्री, तोही आंधळा कवी. पुढे पॅरिसला गेला आणि इब्न खलदून या इतिहासकारावर आणखी एक प्रबंध लिहिला, जो इब्न खलदून स्वतः चौदाव्या शतकात कैरोला आल्यावर याच अझहरमध्ये शिकवायचा. १९२६ मध्ये इस्लामपूर्व अरबी कवितेवर पुस्तक लिहून याने असा काही गदारोळ उडवला की प्रकरण सरकारी वकिलापर्यंत गेलं. आणि १९५० मध्ये शिक्षणमंत्री! शिक्षण पाणी आणि हवेसारखं सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे हे त्याचं म्हणणं इजिप्तमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी भारावून जाऊन विचारलं, ताई, मग मौलाना आझाद कुठल्या खांबाला बसले असतील गं? ती काहीच बोलली नाही. पायमोजे सारखे करत बसली.

बाहेर पडताना तिने नेपोलियनचं सांगितलं, बहुतेक विषय बदलायला. १७९८ च्या ऑक्टोबरात कैरोने फ्रेंचांविरुद्ध उठाव केला, केंद्र हीच मशीद, मग फ्रेंचांनी टेकडीवरून तोफा डागल्या आणि घोड्यांसकट आत शिरले, या संगमरवरावर घोडे बांधले. दोन वर्षांनी सुलेमान अल-हलबी नावाच्या इथल्याच एका सीरियन विद्यार्थ्याने फ्रेंच सेनापती क्लेबरला भोसकून मारलं. पण त्याच फ्रेंच धक्क्यातून दुसरंही निघालं. हसन अल-अत्तार नावाचे शेख फ्रेंच पंडितांकडे जाऊन त्यांची यंत्रं, पुस्तकं बघून आले, आणि त्यांनी आपला शिष्य रिफाआ अल-तहतावी याला १८२६ मध्ये पॅरिसला पाठवलं. तोही शिकायला नाही, तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकडीला नमाज पढवायला इमाम म्हणून! इमामच सगळ्यांत जास्त फ्रेंच शिकून आला आणि त्याने कैरोत भाषांतराची शाळा काढली. आपल्याकडे त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर दर्पण काढत होते. दोघांची गाठ पडली असती तर काय बोलले असते कोण जाणे.

संध्याकाळी हॉटेलात चहा घेताना ताई एकदम म्हणाली, अरे, ते तुझं पेन आहे का अजून? मी म्हटलं आहे, टोपण हरवलंय. म्हणाली, ते परत करावं लागेल. आझाद अझहरमध्ये एक दिवसही शिकले नाहीत.

तिसरा दिवस

मी अर्थातच फुगलेलो होतो, त्यामुळे सकाळ शांततेत गेली. मेट्रोने साद झगलूल (इंग्रजांविरुद्धच्या १९१९ च्या उठावाचे पुढारी) यांच्या नावाच्याच स्टेशनवर उतरलो. इथे झगलूल यांचं राहतं घर आहे, 'बैत अल-उम्मा' म्हणजे राष्ट्राचं घर, आणि जवळच समाधी. समाधी बघून चक्रावायला होतं. अझहरमध्ये शिकलेल्या माणसाची समाधी, पण घुमट नाही, मिनार नाही, थेट फेरोंच्या देवळासारखी दगडी. १९१९ च्या उठावात मुसलमान आणि ख्रिश्चन एकत्र होते, म्हणून कुणा एका धर्माची वाटू नये अशी. त्या वर्षी सर्जियस नावाचा एक कॉप्टिक पाद्री अझहरच्या व्यासपीठावरून इंग्रजांविरुद्ध भाषणं करत होता. मशिदीत, पाद्री! झगलूल १९२७ मध्ये गेले, समाधी बांधून झाल्यावरही विरोधी सरकारने त्यांना तिथे येऊ दिलं नाही, राजेरजवाड्यांच्या ममी आणून ठेवल्या, आणि १९३६ मध्ये कुठे त्यांना त्यांच्या जागी आणलं. राजकारण काय, सगळीकडे सारखंच.

झगलूल शिष्य मुहम्मद अब्दू यांचे, आणि अझहरबद्दल एकच माणूस वाचायचा असेल तर अब्दू. लहानपणी तांता गावच्या मशिदीत शिकायला घातलं, दीड वर्ष व्याकरणाच्या टीका ऐकून एक अक्षर कळलं नाही, पळूनच गेला. नात्यातल्या एका सूफी आजोबाने वळवून परत लावला. १८६६ मध्ये अझहरला, तिथे जमालुद्दीन अफगाणी हे सुधारणावादी विचारवंत भेटले आणि विचारच पालटले. १८८२ मध्ये उराबी पाशा या लष्करी अधिकाऱ्याच्या बंडात (उराबीही थोडाफार अझहरमध्ये शिकलेला) भाग घेतल्याबद्दल हद्दपारी, परत आल्यावर १८९९ मध्ये चक्क इजिप्तचे मुफ्ती. मुफ्ती होऊन काय केलं, तर अझहर सुधारायला निघाले. गणित, भूगोल, इतिहास शिकवा, पगार नीट करा, राहायच्या खोल्या स्वच्छ करा. जुन्या शेखांनी दाद दिली नाही, १९०५ मध्ये अझहरच्या कारभाराच्या कमिटीचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी वारले. शिष्य झगलूल मात्र बाहेरून लागले, त्या नव्या इजिप्शियन युनिव्हर्सिटीची पहिली मीटिंग १९०६ मध्ये झगलूल यांच्याच घरी झाली होती. म्हणजे अझहरी माणसाच्या घरात अझहरची स्पर्धक जन्मली आणि तिथे अझहरने नापास केलेला पोरगा पहिला डॉक्टर झाला.

इथे माझा फुगा फुटला आणि मी परत बोलायला लागलो. म्हटलं ताई, इथे जो तो भांडलेलाच दिसतोय. ती म्हणाली अली अब्दुर राझिक राहिला ना अजून. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बुडवली, आपल्याकडे त्यासाठी केवढं आंदोलन झालं होतं, आझाद त्यात पुढे. इजिप्तच्या राजाला वाटलं आपणच खलिफा व्हावं. आणि १९२५ मध्ये अझहरचा हा शेख पुस्तक लिहितो की इस्लामला खलिफाची गरजच नाही. अझहरने त्याची पदवी काढून घेतली. वीसेक वर्षांनी त्याचा सख्खा भाऊ मुस्तफा अझहरचा मुख्य शेख झाला आणि हा स्वतः मंत्री. बापरे.

यादी सगळी गोडगोड नाही हेही सांगितलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या कटात जन्मठेप झालेला तो अंध शेख उमर अब्दुर रहमान इथलाच, बिन लादेनचा गुरू समजला जाणारा अब्दुल्ला अझ्झाम यानेही डॉक्टरेट इथूनच घेतली. अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष रब्बानी, अल्जीरियाचे बूमेदिएन, मालदीवचे गयूम (हे तर १९७८ पासून तीस वर्षं त्या पदावर होते), सगळे कधी ना कधी इथे बसलेले. एका ताटात वाढता येणारी ही माणसं नव्हेत.

चौथा दिवस

सकाळी पिरॅमिड उरकले. हो, उरकले. उंटवाल्याने ताईला अमिताभ बच्चनची बहीण ठरवलं आणि तरी भाव कमी केला नाही. जाता जाता गिझातच ताहा हुसेनचं घर आहे, रामतान, आता म्युझियम.

दुपारी मुइझ स्ट्रीट, जुन्या कैरोचा कणा. चालत चालत उत्तर टोकाला अल-हाकिम मशिदीत गेलो, ही पण फातिमींची, अझहरहून थोडी धाकटी. पांढरी झकास. अंगणात झालर लावलेले रंगीबेरंगी रिदा घातलेल्या बोहरी बायका बघितल्या आणि मला क्षणभर पुण्याच्या कॅम्पात आल्यासारखं वाटलं. आणि खरंच, एक काकू पुण्याच्याच निघाल्या! "तुम्ही नगरचे काय? आमचे जमाईचे दुकान होते ना तिथे, हार्डवेअर." ही मशीद मोडकळीला आलेली, कधी कैदखाना, कधी गोदाम, अशी वापरलेली, ती मुंबईच्या सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी बोहरा समाजातर्फे (हेही इस्माईलीच) दुरुस्त करून १९८० मध्ये उघडली. अझहर फातिमींची होती ती सुन्नींकडे गेली, पण फातिमींची आठवण इथे मुंबई-पुण्याच्या पैशाने उजळली. काकूंनी डब्यातला मलिदा दिला, ताईने काळ्या मसाल्याची उरलेली पुडी दिली. सौदा बरोबरीत.

पाचवा दिवस

शेवटच्या दिवशी अल-अझहर पार्क. जुन्या शहराच्या तटाबाहेर पाचशे वर्षांचा कचरा साठून टेकड्या झाल्या होत्या, त्या उपसून, सारख्या करून तीस हेक्टरची बाग केली, २००५ मध्ये उघडली. केली कुणी, तर आगाखानांच्या ट्रस्टने, तेही स्वतःला फातिमींचे वंशज मानतात. संध्याकाळी वरून अझहरचे मिनार दिसतात आणि सगळीकडून अजान एकदम सुरू होते, थोडी मागेपुढे.

तिथे ताईने प्रकरण शेवटपर्यंत सांगितलं. आझाद विशीत म्हणजे १९०८ च्या सुमारास मध्यपूर्वेत फिरले, कैरोत बरेच दिवस राहिले. पुढे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा प्रश्नांची यादी पाठवली. एका उत्तरात आझादांनी लिहिलं मी इजिप्तला होतो, दुसऱ्या उत्तरात लिहिलं की जुनी शिक्षणपद्धत हिंदुस्थानात काय नि अझहरमध्ये काय, कुचकामी झाली होती. महादेवभाईंनी दोन्ही जोडून टाकलं. आझादांनी नंतर आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की तिथे मी एक दिवसही विद्यार्थी नव्हतो. म्हणजे अब्दू जे सांगून थकले तेच ओळखून हा माणूस लांब राहिला. आणि ताहा हुसेन तिकडे शिक्षणमंत्री होते तेव्हा इकडे शिक्षणमंत्री आझाद!

"आणि महादेवभाई गेले कुठे, माहितीये?" ताई म्हणाली. "पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये. १५ ऑगस्ट ४२. तेव्हा आझाद आपल्या किल्ल्यात." आम्ही दोघं बसलो होतो आगाखानांच्याच बागेत, समोर अझहर.

"तुला हे कळलं कधी?"

"दहा-बारा वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला त्या पेनाचं फार कौतुक होतं रे."

चहा आणणारा पोरगा कॉलेजातला वाटला. इंडिया ऐकल्यावर तो चक्क हिंदीत बोलायला लागला, म्हणे इथे मौलाना आझाद सेंटर आहे तुमच्या सरकारचं, तिथे शिकतो. आणि मग अभिमानाने अझहरच्या मिनारांकडे हात करून म्हणाला, मेरे दादा बोलते हैं, मौलाना आझाद उधर पढे थे.

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला तो आवाज ओळखीचा आहे, सातवीचा वर्ग सुरू होतानाचा. "बेटा, बैठो," ती म्हणाली, आणि माझा चहा गार झाला.